पस्तीस टक्के

श्रोतेहो, नमस्कार. भांडणात मागणी नेमकी हवी. ‘पगार वाढवा’ म्हटलं की समोरचा नुसती मान डोलावतो. आकडा टाकला की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

साल १९१८, गाव अहमदाबाद. प्लेगमध्ये कामगार पळू नयेत म्हणून गिरण्यांनी बोनस दिला होता. साथ ओसरली, बोनस गेला, महागाई तशीच. मालक म्हणाले, पगारात वाढ वीस टक्के. गांधीजींनी हिशेब तपासून मागणी पस्तीसवर आणली. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूला कोण? त्यांची सख्खी बहीण, अनसूयाबेन! आणि श्रोतेहो, १९१५ साली गांधीजींचा आश्रम अडचणीत असताना तेरा हजार रुपये दिले ते याच अंबालालांनी.

२२ फेब्रुवारीला टाळेबंदी झाली. कामगारांनी शपथ घेतली: पस्तीस टक्के मिळेपर्यंत कामावर जाणार नाही, मारामारी नाही, कामावर जाणाऱ्याला त्रास नाही, भीक नाही. भीक नाही, तर खायचं काय? आश्रमाच्या विणकामशाळेच्या पायात भर घालायला वाळू हवी होती. साबरमतीच्या पात्रातून वाळूच्या टोपल्यांची रांग निघाली. पहिली टोपली अनसूयाबेनच्या डोक्यावर! (आज एकेक पुढारी बघा, घाम फक्त भाषणात.)

पण पोट थांबत नाही. १२ मार्चला वीस टक्के घेणाऱ्यांसाठी गिरण्या उघडल्या आणि चाळीत कुजबुज सुरू झाली: यांना काय, मोटारीतून येतात, जेवून जातात. ते कानावर आलं आणि १५ मार्चला गांधीजींनी उपास धरला. तीन दिवसांत तडजोड झाली: पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्यापासून साडेसत्तावीस, लवाद निकाल देईपर्यंत. लवाद कोण, तर आनंदशंकर ध्रुव, दोघांनाही मान्य असलेले प्राध्यापक. भांडण थांबलं, मिटलं नव्हतं. मिटवलं ते लवादाने, पुढे काही महिन्यांनी. आणि निकाल? पस्तीस!

आता उपासाचं. गांधीजींनी स्वतःच कबूल केलं की त्यात दोष होता. उपास कामगारांना शपथेवर टिकवण्यासाठी होता, पण मालक स्नेही असल्यामुळे त्यांच्यावरही दाब आला. काठी न उगारताही जबरदस्ती होते. जिवलगाच्या दारात उपाशी बसणं हीसुद्धा जबरदस्ती होऊ शकते. (घराघरांत अबोला धरतात, तोही त्यातलाच.)

१९२० साली याच कामगारांतून ‘मजूर महाजन’ ही कामगार संघटना उभी राहिली. तिथेही वाद आधी बोलण्याने, नाहीतर लवादाकडे, आणि संप सगळ्यात शेवटी.