बाहुलीचं तोंड फटकळ

[दृश्य : बेळगावच्या शहापुरातली माळ्यावरची खोली. टेबलावर चादर. चादरीआड तिघे उकिडवे बसलेले. वर दीड फुटी हीरो, डोळ्यांवर काळा चष्मा.]

मेलेला मित्र मांडीवर, नजर आभाळाकडं आणि पावसाची धार. हा प्रसंग तुम्ही-आम्ही किती सिनेमांत बघितला असेल! पण या हीरोची मान मागं झुकली की जबडा उघडतो आणि दुःखाऐवजी जांभई दिसते. चादरीखालून एकजण ओरडतो, "रडालाईस काय झोपालाईस रे?" हे वाक्य संहितेत नव्हतं. आता आहे.

गाजलेल्या सिनेमांची बाहुल्यांनी केलेली ही टवाळी, आणि तीही मोठ्यांसाठी. म्हणजे शिव्या आहेत, चावटपणा आहे. पण खरी गंमत त्यात नाही. बाहुलीनं विनोद करायला घेतला की विनोद मरतो. तिनं आपण मोठे नट आहोत अशाच थाटात वागायचं. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, प्रकाश सिनेमाचा, पार्श्वसंगीत छाती फुगवणारं. आणि मग पाय जमिनीला टेकत नाहीत, एवढंच.

[दृश्य : दोऱ्यांवर लटकत चालणाऱ्या बाहुलीचे पाय, जवळून.]

२००४ साली आलेला 'टीम अमेरिका' हा हॉलिवूडचा सिनेमा याच युक्तीवर उभा आहे. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या जोडीनं जग वाचवणाऱ्या अमेरिकी मारधाडपटांची त्यात यथेच्छ खिल्ली उडवली. छायाचित्रणाला माणूस कोण, तर 'मॅट्रिक्स'चा छायालेखक बिल पोप. एवढा तगडा तंत्रज्ञ घेतला आणि दोऱ्या मात्र लपवल्या नाहीत. चालणं लडखडतं ते लडखडतंच ठेवलं. हिंस्र काळे बिबटे म्हणून घरातली काळी मांजरं सोडली! त्यातल्या दोन बाहुल्यांच्या शृंगारावरून तिकडच्या मानांकन मंडळाशी बरीच ओढाताण झाली, काटछाट झाली, तेव्हा कुठं सिनेमा बाहेर आला. लाकूड-रबराच्या अंगाला कात्री लावताना त्या मंडळींचे चेहरे कसे झाले असतील, ते बघायला मिळायला हवं होतं.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी उत्तर कर्नाटकातला तोगलु गोंबेयाटा आठवावा. कातड्याच्या रंगीत बाहुल्या, पांढरा पडदा, मागं दिवा. पडद्यावर रामायण चाललेलं असतं आणि मध्येच किळ्ळेक्यात नावाचा विदूषक घुसतो. काळा, ढेरपोट्या, केस पिंजारलेले. सोबत त्याची बायको बंगारक्का. दोघांचं बोलणं घरात उच्चारता येणार नाही असं. राम-रावणाच्या गंभीर गोष्टीत ही जोडी गावच्या भानगडी आणते, अंगचटीला येते, भांडते. त्या काळी सर्वांना पाठ असलेली गोष्ट रामायण होती, म्हणून टवाळीही तिच्याच अंगणात. आज पाठ असतात ते सिनेमे.

आणि आपल्या सीमाभागातल्या माणसानं कान टवकारावेत अशी गोष्ट पुढेच आहे. हा खेळ करणाऱ्या, त्या विदूषकाच्याच नावाच्या किळ्ळेक्यात समाजाची घरची बोली मराठीच्या वळणाची. पडद्यापुढं कन्नड, पडद्यामागं स्वतःची मराठी. भाषेवरून आपण इकडं इतकी वर्षं डोकी फोडतोय, आणि या लोकांनी दोन्ही एका पडद्याच्या दोन बाजूंना ठेवून पोट भरलं.

[दृश्य : बेळगाव–सांगली रस्ता, एसटीच्या खिडकीतून.]

थोडं वर सांगलीतही तीच सरमिसळ. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक नाटकं करणाऱ्यांचे, खेळ तिथं झाले, आणि १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढं रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा बोलत्या-हलत्या केल्या. आणि 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही पाध्यांच्याच हातचा. १९९३ च्या त्या सिनेमानं बाहुलीत शिरलेल्या गुन्हेगाराची हॉलिवूडची कल्पना उचलली आणि तिला अस्सल मराठी शिवराळ तोंड दिलं. भीती वाटायची ती वाटलीच, पण लोकांनी पाठ केले ते त्याचे संवाद.

[दृश्य : पुन्हा माळा. आवाजाचं रेकॉर्डिंग. माइकवर पायमोजा चढवलेला.]

इथंही सगळी मदार आवाजावर. हीरो बेळगावी बोलतो, वाक्यावाक्याला "की ओ" लावतो. त्याची आई रागावली की कन्नडमध्ये जाते, आणि तिथं भाषांतर द्यायचं नाही असं ठरलंय, कारण आई कशी रागावते ते सर्वांना कळतं. खलनायक मात्र शुद्ध, छापील मराठी बोलतो. "आपणांस ठार मारण्यात येईल," असं तो म्हणतो तेव्हा खोलीतले तिघेही हसून कॅमेरा हलवतात.

अडचण एकच. बाहुल्यांचा खेळ म्हटला की मंडळाचे कार्यकर्ते पुढं सतरंजी अंथरतात आणि गल्लीतली पोरं ओळीनं बसवतात. मग माइकवरून सांगावं लागतं, "हा खेळ मोठ्यांचा आहे, लहानांना घरी पाठवा." पोरं कुरकुरत उठतात. आया त्यांना ओढत नेतात. रिकाम्या झालेल्या सतरंजीवर मागच्या खुर्च्यांतल्या आज्ज्या येऊन बसतात, कारण तिथून चांगलं दिसतं.