एनसीसी हवीच, पण सक्ती नको

नमस्कार मंडळी. जून आला, शाळा-कॉलेजं सुरू झाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, आजकालच्या पोरांना शिस्तच नाही, सगळ्यांना दोन वर्षं मिलिटरी ट्रेनिंग कम्पल्सरी करून टाका. मी स्वतः कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केलीय, म्हणजे नॅशनल कॅडेट कोअर, विद्यार्थ्यांना मिलिटरीची तोंडओळख करून देणारी संघटना, तिचं सगळ्यात वरचं सी सर्टिफिकेट काढलंय, आणि तरीसुद्धा मी म्हणते, कम्पल्सरी नको.

अहो, हे एकदा करून झालंय. एनसीसीचा कायदा 1948 चा. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजच्या पोरांना ती सक्तीची केली आणि 1968 मध्ये परत ऐच्छिक करावी लागली. सरळ आहे ना, लाखो पोरं एकदम मैदानात उभी करायची तर तेवढे कवायत शिकवणारे उस्ताद, तेवढ्या रायफली आणायच्या कुठून, आणि मनात नसलेलं पोरगं नुसतं हजेरीपुरतं कदमताल करतं.

मी गेले ते माझ्या मनानं गेले. रविवारी पहाटे उठून बेल्टचं पितळ ब्रासोनं घासायचं, बूट चमकवायचे, टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, सरळ आहे का ते मैत्रिणीला विचारायचं, मग उस्तादांचा आवाज यायचा, "सावधान!", आणि अंगातली झोप कुठच्या कुठं पळायची. पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली तेव्हा पालथं पडून नेम धरताना माझ्याच छातीची धडधड मला ऐकू येत होती. आणि दहा दिवसांचा कॅम्प! आमच्यातल्या कितीतरी मुली आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपल्या होत्या, एका तंबूत सगळ्या जातीच्या, सगळ्या गावच्या, एकाच लायनीत ताट धरून उभ्या. ते मी कधीच विसरणार नाही.

पण एक खटकलेलं पण सांगते. आमच्याकडे काही सीनियर रगडा म्हणजेच शिस्त समजायचे. एका मुलीला उशीर झाला म्हणून भर उन्हात बेडूकउड्या मारायला लावल्या, ती चक्कर येऊन पडली आणि नंतर परेडला आलीच नाही. ही शिस्त नाही, हा जाच आहे, आणि जे ऑफिसर हे बघून गप्प बसतात त्यांचा मला आजही राग येतो.

आईवडील विचारतात, पोराला बॉर्डरवर नेतील का हो? नाही. कॅडेटवर लष्करात जायचं कसलंही बंधन नसतं. ज्याला जायचंय त्याला मात्र सी सर्टिफिकेटचा मोठा फायदा, ग्रॅज्युएशननंतर एनसीसी स्पेशल एंट्रीनं लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, इंटरव्ह्यूला बसता येतं, आणि मुलींनासुद्धा.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्या पोरांना मनापासून हवंय त्यांच्या शाळेत एनसीसीचं युनिटच नसतं. युनिट चालवायला ट्रेनिंग घेतलेला शिक्षक लागतो, आपल्या नागपूरजवळ कामठीला त्यासाठी अकादमी आहे, पण रविवार मोडून, घरदार सोडून जायला तयार कोण? म्हणून सक्तीची मागणी करण्यापेक्षा तालुक्याच्या, खेड्यातल्या शाळांना युनिटं द्या आणि त्या शिक्षकांच्या कामाची नीट कदर करा. ऐकणाऱ्यांत कोणी तरुण शिक्षक-शिक्षिका असाल तर उद्याच हेडमास्तरांकडे जाऊन विषय काढा. तुमच्या वर्गातली एखादी पोरगी त्या खाकीची वाट बघत असेल.