रिटचिंगची पेन्सिल आणि वर्णाचा रकाना

नमस्कार मंडळी!

मी फोटोग्राफरची मुलगी. नाशिकला आमचा छोटा स्टुडिओ होता. लग्नसराईच्या तोंडावर तिथे ‘स्थळासाठी फोटो’ काढायला मुली यायच्या. सोबत आई आणि मावशी, आणि पदर कसा घ्यायचा यावर दोघींचं कधी एकमत नाही. निघताना आई हळूच वडिलांना म्हणायची, “भाऊ, जरा उजळ येऊ द्या हं.”

हे उजळ कसं यायचं? खालून उजेड, वर निगेटिव्ह आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं, तिथून कागदावर उजेड कमी पडतो आणि प्रिंटमध्ये तेवढा भाग गोरा उमटतो. डोळ्यांखालची वर्तुळं, मुरुमं, देवीचे वण, सगळं टिंबाटिंबांनी भरायचं, हेच रिटचिंग. एका चेहऱ्याला तासभर सहज जाई. पुढे पाहुणे घरी आले की खरी मुलगी समोर यायचीच, तो भाग वेगळा.

तेच काम आता फोन न सांगताच करतो. तेव्हा असा फोटो आयुष्यात एकदा निघायचा. आता पोरी रोज आपल्याच हाताने आपलं रिटचिंग करतात आणि मग आरशात बघतात. फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये फुटली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीलाच सांगितलं होतं.

तरी सगळं खापर फोनवर नको. पॅसिफिक महासागरातल्या फिजी देशाच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, अशी तिथली समजूत. आपल्या आज्यांची होती तशीच. संशोधक अ‍ॅन बेकर यांच्या तिथल्या १९९८ च्या पाहणीत ११ टक्के शाळकरी मुली वजनासाठी मुद्दाम उलट्या करत असल्याचं आढळलं. १९९५ च्या पाहणीत अशी एकही नव्हती.

आपल्याकडे १९७५ पासून गोरेपणाचं क्रीम खपतंय. त्याच्या नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडावं लागलं. पंचवटीत काळारामापुढे डोकं टेकवायचं आणि सून मात्र गोरीच हवी, हे आपल्यालाच जमतं!

जाहिरातवाल्यांशी भांडायला आपण पुरे पडणार नाही. पण इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या वधू-वर फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे. मुलांनी तो रिकामा सोडला तरी चालतो, मुलींचा फॉर्म मात्र परत येतो. शादी डॉट कॉमनेसुद्धा त्वचेच्या रंगाचा पर्याय २०२० मध्ये काढला, आणि त्यासाठी ऑनलाइन याचिका केली ती इथल्याच, डॅलसच्या एका भारतीय बाईने. पुढच्या सभेत हा रकाना काढायचा ठराव मी मांडतेय. अनुमोदक हवाय. काका-काकू, तुमच्यापैकी कोणी असलं तर उत्तमच. आणि त्याच फॉर्मवर वजन कशाला विचारतो, तेही त्या दिवशी बघून टाकू.