चाकांच्या खुर्चीतली सर्जन

(दृश्य: काटपाडी जंक्शन, सकाळ. बॅगा आणि एक्स-रेची पाकिटं सांभाळत उतरणारी माणसं.)

तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या काटपाडी स्टेशनात गाडी लागली की डब्यातले निम्मे लोक एकाच ठिकाणी निघालेले असतात. बंगाली, तेलुगू, हिंदी, मध्येच एखादं मराठी वाक्य. "एकदा वेल्लोरला दाखवून या," हे आपल्याकडेही कुणीतरी सांगितलेलं असतंच. १९०० साली आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरनं इथं एका खाटेचा दवाखाना उघडला. त्याचंच पुढे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झालं.

मेरी वर्गीस इथं डॉक्टर व्हायला आल्या. कोचीजवळच्या चेराईच्या. घर सिरियन ख्रिस्ती, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातलं. जन्म १९२५चा. शिकून झाल्यावर स्त्रीरोगशास्त्रात पुढे जायचं ठरलेलं. १९५४च्या जानेवारीत तरुण डॉक्टरांची सहल निघाली आणि गाडी उलटली. चेहरा फाटला, पाठीचा मणका दुखावला. कमरेखालचं शरीर गेलं ते कायमचं.

(दृश्य: वॉर्डातली खाट, उशा, खिडकीतून येणारं ऊन.)

"पाय गेले" एवढ्यावर आपण थांबतो. खरं दुखणं त्याच्या पुढचं. लघवीवरचा ताबा सुटतो, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. निर्जीव पाय अचानक आखडतात. चादरीची चुणी रात्रभर अंगाखाली राहिली तरी कळत नाही, सकाळी तिथं जखम असते. म्हणून रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. दिवसा खुर्चीत बसलं की हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, थोड्या वेळानं पुन्हा. यातून सुट्टी नाही.

ख्रिस्ती घरात असं दुखणं आलं की भेटायला येणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणतात, विश्वास वाढवा, चालायला लागाल. दुसरे म्हणतात, देवाची इच्छा. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याला सोपी जातात. बोलून तो घरी जातो. बायबलमधला पौल मात्र या दोघांच्याही सोयीचा नाही. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवलं. काटा राहिला. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं, आणि तो पुढच्या कामाला लागला.

मेरींनाही आपण पुन्हा चालू शकू अशी आशा होती. पुढचं काम त्यांना सुचवलं डॉ. पॉल ब्रँड यांनी. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर ते वेल्लोरला शस्त्रक्रिया करत होते. बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टरला उभं राहावं लागतं. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. ब्रँड यांचा हिशेब इतका साधा होता.

(दृश्य: शस्त्रक्रियेचा दिवा. टेबलावर तळवा वर केलेला एक हात.)

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा समज तेव्हा सर्रास होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो, संवेदना जाते, आणि मग चटका, काच, खिळा यांची जखम कळतच नाही. बोटांचं नुकसान त्यातून होतं. टेबलापलीकडे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सर्जनला, म्हणजे मेरींना, हे पुस्तकातून शिकावं लागलं नसेल. त्यांच्या स्वतःच्या मांड्यांची तीच तऱ्हा होती. रुग्ण आणि सर्जन, दोघांनाही दुखत नव्हतं, आणि दोघांचाही धोका नेमका तोच होता. मला या साऱ्या कहाणीत हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

शस्त्रक्रियेत हाताच्या धडधाकट स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, हलवून लुळ्या स्नायूच्या कामाला जोडतात. पण टाके निघाले म्हणजे हात चालू झाला असं नाही. जुन्या स्नायूला नवं काम शिकवायला व्यायाम लागतो, चिकाटी लागते. खुर्चीत बसलेली डॉक्टर हे सांगते तेव्हा रुग्ण ते वेगळ्या कानांनी ऐकतो.

"मी पाय मागितले होते, मला पंख मिळाले," अशा अर्थाचं त्यांचं बोलणं सांगितलं जातं. वाक्य सुंदर आहे. पण ते ऐकताना उशा, लघवीची नळी आणि रात्री दोनला कूस बदलणारी आया डोळ्यांपुढे ठेवावी. पंख मिळाल्यावरही ते सगळं तसंच राहिलं. त्यांची प्रार्थना रोजची होती, कारण दुखणंही रोजचंच होतं.

ऑस्ट्रेलियात पर्थला त्या स्वतःवर उपचार घ्यायला गेल्या. मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्र शिकल्या. परत येऊन वेल्लोरला या विषयाचा विभाग उभा केला. १९६६ साली वेल्लोरजवळच्या बागायमला पुनर्वसन केंद्र सुरू झालं, जिथं मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण राहून शिकू शकतात. देशात अशी सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. १९७२ साली पद्मश्री मिळाली. डिसेंबर १९८६ मध्ये त्या गेल्या.

(दृश्य: बागायम. उतरता रस्ता, चाकांच्या खुर्च्या, सोबत घरची माणसं.)

मणक्याच्या रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिकावं लागतं. कूस कशी बदलायची, नळी स्वच्छ कशी ठेवायची, आरशात पाठ कशी तपासायची. घरच्या उंबऱ्याची उंची किती, संडासाचं दार किती रुंद, हेही आधीच मोजून ठेवावं लागतं, म्हणजे माणूस घरी पोचेपर्यंत गवंड्याचं काम उरकलेलं असतं.