दगडाचा पत्ता लिहून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नाशिक जिल्ह्यात नवी विहीर खणली की काठावर काळ्या दगडाचा डबर पडतो. मालकाला विचारून तो जरा चाळून बघा. एखाद्या दगडाच्या पोकळीत काहीतरी लखलखताना दिसेल. गावात त्या सगळ्यालाच गारगोटी म्हणतात, पण आत निरनिराळी खनिजं असतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत हे स्फटिक घडवले. फिकट गुलाबी, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा दिसतो तो स्टिल्बाइट. त्याच्यावर कधी ॲपोफिलाइटचा पारदर्शक, चौकोनी स्फटिक बसलेला असतो. त्याच्या अंगावर बारीक उभ्या रेघा असतात आणि माथा सपाट असेल तर तिथे मोतिया झाक दिसते. पांढऱ्या सुयांचा झुबका म्हणजे बहुधा स्कोलेसाइट. आणि पांडवलेणी परिसरातल्या खडीच्या खाणींतला पिवळा पॉवेलाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे. नमुना उचललात की त्याच दिवशी चिठ्ठी लिहा: गाव, खाण किंवा विहीर, किती खोलीवरचा दगड, तारीख. नुसतं ‘नाशिक’ लिहून भागत नाही, जिल्हा केवढा मोठा! बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो खोदताना निघालेले स्फटिक विलायतेतल्या संग्रहालयांत पोचले, आणि सोबत ठिकाणाची नोंद होती म्हणूनच आजही ते अभ्यासाच्या कामी येतात. पत्ता हरवलेला दगड कितीही देखणा असो, तो शोकेसपुरताच.

चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. तिथे सुरुंग उडतात, कडे ढासळतात. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथल्या कातळाला छिन्नी लावायचीच नाही. आधी सिन्नरजवळ माळेगावला के. सी. पांडे यांनी उभारलेलं ‘गारगोटी’ संग्रहालय निवांत पाहून या, म्हणजे नजर तयार होते.

घरी आणलेला नमुना चकाकावा म्हणून ॲसिडमध्ये बुडवू नका. स्कोलेसाइटच्या सुया त्यात खराब होतात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि मग सावलीत वाळवायचं.