एका सिलिंडरची सुपरमोटो : जुळणी आणि हाताळणी

मित्रहो,

मोटरसायकलस्वारांत डांबरावर वेगवान कोण, मातीत तरबेज कोण आणि दोन्हींत मिळून सरस कोण, याचा एकदाचा निकाल लावावा म्हणून 1979 मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीसाठी कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे ‘सुपरबायकर्स’ ही शर्यत भरवण्यात आली. तिचा मार्ग थोडा डांबरी आणि थोडा मातीचा होता. 1985 नंतर ती बंद पडली, तरी तोवर युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, डांबर आणि माती एकत्र असलेला हा सुपरमोटो प्रकार रुजला होता, आणि 2002 पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, सुपरमोटो ही मुळातच तडजोडीची मोटरसायकल आहे. तिच्यातला एक भाग बदलला की दुसऱ्या दोन भागांचे गणित बिघडते. ते पुन्हा जुळवणे म्हणजेच ट्यूनिंग, असे माझे मत आहे. अश्वशक्तीचा आकडा वाढवणे हे त्यातले सर्वांत सोपे आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी उपयोगाचे काम आहे.

सर्वांत पहिला बदल चाकांचाच घ्या. मातीच्या मोटरसायकलीला पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची चाक असते. ती काढून दोन्हीकडे 17 इंची रिम बसवले आणि पुढे 120/70, मागे 150/60 मापाचे टायर चढवले की पुढची बाजू सुमारे 45 मिलिमीटर आणि मागची सुमारे 30 मिलिमीटर खाली येते. पुढची बाजू जास्त बसल्यामुळे फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या) अधिक उभा होतो, चाकाची त्रिज्या घटल्यामुळे ट्रेलही (हँडलचा अक्ष जमिनीला टेकतो त्या जागेपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) कमी होतो, आणि गाडी वळायला चपळ पण सरळ रस्त्यावर चंचल होते. त्यावर साधा उपाय असा की, फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पच्या वर जेवढ्या डोकावतात तेवढ्या खाली सरकवून पुढची बाजू थोडी उचलायची. मागच्या चाकाचा घेर नऊ-दहा टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे त्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) वेगही तेवढाच कमी मिळतो. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा) एक दात वाढवणे हे साधारण मागच्या स्प्रॉकेटचे तीन दात कमी करण्याइतके असते, म्हणून चौदाच्या जागी पंधरा दात घातले की ही तूट बरीचशी भरून निघते. सस्पेन्शनबद्दल येथे इतकेच सांगतो की, चालक बसलेला असताना एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के सॅग (वजनाने सस्पेन्शन दबणे) मिळत नसेल, तर आधी स्प्रिंग बदलावी. सस्पेन्शनची मऊ-कडक ठेवण बदलणारे क्लिकर फिरवत बसू नये.

आता इंजिनाकडे येऊ. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो. 3000 आरपीएमला सेकंदाला फक्त पंचवीस. दोन स्फोटांच्या मधला झोल फ्लायव्हीलने (क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकाने) सांभाळायचा असतो आणि शर्यतीच्या वंशातल्या इंजिनांत ते मुद्दाम हलके ठेवलेले असते. शिवाय मातीच्या शर्यतींसाठी बनवलेल्या अनेक मोटरसायकलींच्या मागच्या हबमध्ये धक्के शोषणारे रबर नसते, त्यामुळे थ्रॉटलचा प्रत्येक हिसडा चेनमार्फत थेट गिअरबॉक्सला बसतो. वळणाच्या मध्यावर टायर पूर्ण कलला असताना थ्रॉटल उघडायला सुरुवात होते ती पहिल्या आठव्या हिश्शातच, आणि तेथे इंजिन अडखळले किंवा एकदम उसळले तर वरचे साठ-सत्तर अश्वशक्तीचे बळ काही कामाचे नाही.

कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग) असेल तर थ्रॉटलच्या मुठीवर आणि तिच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावून शून्य, पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा कराव्यात, म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते डोळ्यांनी दिसते. पाव थ्रॉटलपर्यंत मुख्यतः पायलट जेट (इंधनाचे छोटे छिद्र) आणि मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊणपर्यंत नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) आणि त्यापुढे मेन जेट (मोठे छिद्र) यांचा अंमल चालतो. एअरबॉक्स (हवा आत घेणारी पेटी) मोकळा केला आणि सायलेन्सर बदलला की तीनही टप्प्यांत मिश्रण लीन (कमी इंधनाचे) होऊ शकते, पण बहुतेक जण मोठा मेन जेट घालून थांबतात आणि खालचा अडखळा तसाच राहतो. इंजिन पूर्ण तापल्यावर स्क्रू हळूहळू फिरवत आयडल सर्वाधिक चढते ती जागा शोधावी. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली तर नीडल वर येते आणि मधला टप्पा रिच (जास्त इंधनाचा) होतो. एका वेळी एकच बदल करावा. फ्युएल इंजेक्शनमध्ये हलक्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण 14.7 च्या (एक भाग इंधनाला वजनाने इतके भाग हवा) आसपास धरून ठेवतो, तर पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला साधारण 13 हवे असते. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात म्हणून लगेच मॅप (इंजेक्शनच्या संगणकातले इंधनाचे कोष्टक) बदलण्याआधी एक्झॉस्टच्या सांध्यातून हवा आत ओढली जात नाही ना, हे तपासावे. आणि मोकळ्या सायलेन्सरने आवाज जेवढा वाढतो तेवढी ताकद कधीच वाढत नाही. कान या बाबतीत अगदी अविश्वासू साक्षीदार आहे.

आरपीएमची मर्यादा वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. केटीएमच्या 690 एसएमसी आर या मोटरसायकलीच्या नव्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 105 आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 80 मिलिमीटर आहे. 8000 आरपीएमला त्याच्या पिस्टनची सरासरी गती सेकंदाला 21 मीटरच्या वर जाते. आरपीएम दहा टक्क्यांनी वाढले की जडत्वाचा ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो, आणि तो सारा एकट्या कनेक्टिंग रॉडला (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला) सोसावा लागतो.

या सगळ्या जुळणीची खरी परीक्षा होते ती मागचे चाक घसरवत वळणात शिरताना. चालक सरळ बसून पुढचा ब्रेक जोरात दाबतो, वजन पुढे जाते, मागचे चाक जवळजवळ हलके होते. मग तो एकापाठोपाठ गिअर उतरवतो आणि क्लच अर्धवट धरून इंजिनाचा रोध मागच्या टायरपर्यंत मोजूनमापून पोचवतो. टायर आडवा सरकू लागला की तो बाहेरचे कोपर उचलतो, आतला पाय पुढे काढतो आणि गाडी स्वतःच्या खाली ढकलून कलवतो. क्लच एकदम सोडला तर उच्च कॉम्प्रेशनचे एकुलते सिलिंडर मागचे चाक रोखून धरते आणि ते रस्त्यावर उड्या मारू लागते. स्लिपर क्लच (इंजिनाचा रोध जास्त झाला की आपोआप थोडा घसरणारा क्लच) हा धोका बराच कमी करतो. तो नसेल, तर आयडल थोडे चढते ठेवण्याचा जुना उपाय आहे. त्याने इंजिनाचा रोध सौम्य होतो. पुढचा ब्रेक मात्र बोटाच्या दाबाला तंतोतंत उत्तर देणारा हवा. मोठ्या पिस्टनांचे कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) आणि जुना छोटा मास्टर सिलिंडर (लीव्हरने ब्रेकचे तेल ढकलणारा पंप) अशी जोडी बसवली तर लीव्हर लांब आणि मऊ होतो, आणि त्याच लीव्हरवर दोन बोटे ठेवून उजव्या हाताने थ्रॉटलही सांभाळायचा असल्यामुळे दोन्हींचा अंदाज एकदमच चुकतो. म्हणून डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकमेकांना जुळणारे, एकाच वेळी निवडावेत.