टेक्सासच्या वाळवंटात भूतान

नमस्कार मंडळी, आज सांगायचंय हेन्री ट्रॉस्ट या आर्किटेक्टबद्दल. अमेरिकेत टेक्सासच्या पार पश्चिम टोकाला एल पासो गाव आहे, रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिको. 1881 ला तिथे रेल्वे आली आणि मातीच्या विटांच्या बुटक्या घरांचं ते गाव भराभर वाढायला लागलं. ट्रॉस्ट आला 1903 मध्ये, वय 43, आधी कितीतरी गावं फिरून झालेली, पण मग 1933 मध्ये वारला तोपर्यंत तिथलाच होऊन राहिला. भावाबरोबर ट्रॉस्ट अँड ट्रॉस्ट फर्म काढली आणि गावाचं रूपच बदललं.

1911 ची त्याची अ‍ॅन्सन मिल्स बिल्डिंग घ्या, 12 मजले आणि सगळं काँक्रीटमध्ये. आज आपल्याकडे गल्लीबोळात आरसीसीचं काम चालू असतं म्हणून नवल वाटणार नाही, पण तेव्हा एवढी उंच बिल्डिंग म्हणजे स्टीलचाच सांगाडा हे जवळजवळ ठरलेलं! त्याच वर्षी मे महिन्यात नदीपलीकडे हुआरेझमध्ये मेक्सिकन क्रांतीची लढाई झाली, एल पासोची माणसं गच्च्यांवर चढून ती बघत होती, अशा गावात हा माणूस मजल्यावर मजले चढवत होता.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये. 1916 ला तिथल्या मायनिंग कॉलेजला आग लागली. डीनच्या बायकोने, कॅथलीन वॉरेलने, 1914 च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये भूतानचे फोटो पाहिले होते, तिला वाटलं आपले डोंगर अगदी तसेच दिसतात, मग कॉलेज तसंच का बांधू नये? आणि ट्रॉस्टच्या फर्मने ते खरंच मनावर घेतलं. 1917 ची ती ओल्ड मेन बिल्डिंग बघा, जाड भिंती वर जाताना आत कललेल्या, खिडक्या खोल, छप्पर चांगलं बाहेर आलेलं, आणि छपराखाली विटांचा पट्टा, त्यात रंगीत टाइल्सची गोल नक्षी, थेट भूतानच्या झोंगसारखी, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांसारखी. आणि ही भूतानची नक्कल नाही वाटत हो, जाड भिंत आणि खोल खिडकी त्या उन्हाला शोभतेच ना!

पुढे त्या कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली, नंतरच्या बिल्डिंगाही त्याच धाटणीच्या. 2008 च्या वॉशिंग्टनच्या महोत्सवासाठी भूतानी कारागिरांनी हाताने घडवलेलं एक मंदिर, ल्हाखांग, भूतानने या युनिव्हर्सिटीला भेट दिलं, ते आता त्याच कॅम्पसवर उभं आहे.